मिती कोणती धरायची?

"शेवटची पाळी कधी आली?" काउंटरमागच्या मुलीने मान वर न करता विचारले.

"एक जूनला. पण माझं भ्रूणरोपण झालंय, त्याची तारीख..."

"पाळीचीच तारीख लागते, ताई." मुलीने रकाना भरला, मोबाइलवर बोटे फिरवली आणि कागदावर लिहिले : सात आठवडे पूर्ण.

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या हळदीची अडत चालविणाऱ्या एका ओसवाल कुटुंबाची ती धाकटी सून. तारीख २० जुलै, चौमासी चौदसचा दिवस. सासूबाईंनी आयंबिल धरले होते, तरीही त्या सोबत आल्या होत्या. यजमान पेढीवर होते. लग्नाला नऊ वर्षे झाली होती, आणि 'गर्भवती' या रकान्यात स्वतःचे नाव लिहिलेले ती प्रथमच पाहत होती.

त्यानंतरचा प्रश्न मात्र मोठ्या आवाजात आला. "मुलगे किती? मुली किती?" प्रश्न कायद्याचा आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली जो कायदा झाला, त्याखाली प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीपूर्वी 'एफ' नमुना भरावा लागतो. हयात अपत्यांची संख्या, त्यांचे वय व लिंग त्यात नोंदवायचे असते, आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे त्या स्त्रीने सही करून सांगायचे असते. ज्या राज्यात मुलींचे प्रमाण घसरत गेलेले पाहिले, तिथे या नमुन्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार असलीच तर आवाजाची. "एकही नाही," हे उत्तर तिला चाळीस माणसांनी भरलेल्या दालनात दोनदा द्यावे लागले, कारण पहिल्यांदा ते ऐकू गेले नाही.

भेटीची वेळ दहाची होती. आत बोलावले गेले एक वाजून वीस मिनिटांनी. मधल्या काळात पाणी पिऊन लघवी रोखून धरा, असे सांगण्यात आले. तिने दोन बाटल्या पाणी संपविले. शेजारच्या बाकांवर आठवा-नववा महिना लागलेल्या बायका पाय लांब करून बसल्या होत्या. बाराच्या सुमारास समाजातील एक मावशी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाता जाता तिथे डोकावल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गं, काही विशेष?" तीन महिने कोणाला सांगायचे नाही, हा घरातला ठराव त्या एका वाक्यात संपला. सासूबाईंनी "नेहमीची तपासणी" असे उत्तर दिले खरे, पण ज्यांना नातवंडांची चौकशी करायची सवय आहे, त्यांना असले उत्तर पुरत नाही.

आत गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, आतून तपासणी करू, आधी मूत्राशय रिकामे करून या. दोन बाटल्या पाण्याचा आणि तीन तासांच्या कळेचा काही उपयोग नव्हता.

तपासणीला चार मिनिटे लागली असतील. यंत्राचा पडदा डॉक्टरबाईंकडे वळवलेला होता; तिला त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. मग त्या म्हणाल्या, "सात आठवडे झालेत आणि नुसती पिशवी दिसतेय. तेरा मिलिमीटर. आत बाळ नाही, ठोके नाहीत. वाढ थांबलेली दिसते. ती इंजेक्शनं आता बंद करा, उगाच टोचून घेऊ नका. सोमवारी उपाशीपोटी या, क्युरेटिंग करून टाकू."

"मॅडम, माझं ट्रान्सफर २९ जूनला झालं."

"पाळी एक जूनलाच आली होती ना? मग?"

पुढच्या पेशंटचे नाव पुकारले गेले होते. कपडे सावरेपर्यंत ती बाई दारात उभी होती.

या संवादात कोणाचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्या सकाळी साठाहून अधिक स्त्रिया तपासायच्या होत्या आणि डॉक्टर एकच होत्या. पण त्या चार मिनिटांत जे ठरले, ते एका चुकीच्या तारखेवर ठरले.

सामान्यपणे गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामागे एक गृहीत असते : पाळीनंतर साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते आणि त्याच सुमारास गर्भधारणा होते. ज्या स्त्रीचे चक्र नियमित आहे, तिच्या बाबतीत हे गृहीत बहुधा चालते. गोठवलेल्या भ्रूणाचे रोपण औषधांच्या आधाराने होते, तेव्हा मात्र ते चालेलच असे नाही. इथे आधी गोळ्या देऊन गर्भाशयाचे अस्तर जाड करतात. ते पुरेसे जाड झाले की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि त्यानंतर सहाव्या दिवशी पाच दिवसांचे भ्रूण आत सोडतात. हिच्या बाबतीत चौदाव्या दिवशी अस्तर साडेपाच मिलिमीटरच भरले होते. पुण्याच्या केंद्रातील डॉक्टरांनी घाई केली नाही. गोळ्या वाढवून दिल्या. प्रोजेस्टेरॉनचे पहिले इंजेक्शन २४ जूनला बसले, रोपण २९ जूनला झाले.

पाच दिवसांचे भ्रूण ज्या दिवशी आत सोडतात, त्या दिवशी गरोदरपणाचे वय दोन आठवडे पाच दिवस धरतात. म्हणजे हिशेबाची 'पाळी' १० जूनची. काउंटरवर लिहिलेली तारीख १ जूनची. मध्ये नऊ दिवसांचे अंतर. २० जुलैला सात आठवडे झालेच नव्हते. पाच आठवडे आणि पाच दिवस झाले होते. त्या वयात आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसते, तिच्यात योक सॅक नावाचे छोटे कडे दिसते, आणि भ्रूण पुष्कळदा अजून दिसत नाही. हृदयाची हालचाल दिसू लागते ती सहा आठवड्यांच्या आसपास. तिच्या अहवालात तेरा मिलिमीटरची पिशवी होती आणि योक सॅकही नोंदलेली होती. अहवाल बरोबर होता. त्याच्या डोक्यावर छापलेले आठवडे चुकीचे होते.

पुण्याच्या केंद्राने पहिली सोनोग्राफी २६ ते २९ जुलैच्या दरम्यान करण्यास सांगितले होते. पावसात पुण्याचा प्रवास नको म्हणून ती सांगलीतच करायचे ठरले, आणि फोनवर वेळ घेताना पाळीची तारीख विचारली गेली, त्यावरून २० जुलै मिळाली. चूक तिथे सुरू झाली होती.

इंजेक्शने बंद करण्याचा सल्ला अधिक गंभीर होता. नैसर्गिक गर्भधारणेत स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोशात एक छोटी पिवळी ग्रंथी मागे उरते. सुरुवातीचे काही आठवडे गर्भाला लागणारे प्रोजेस्टेरॉन ती पुरवते, पुढे ते काम वार उचलते. औषधांच्या आधाराने केलेल्या या रोपणात स्त्रीबीज बाहेर पडू दिलेलेच नसते, म्हणून ती ग्रंथीही नसते. वार काम करू लागेपर्यंत सगळा भार बाहेरून दिलेल्या औषधावर असतो. ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात थांबविले, तर चांगला वाढणारा गर्भही टिकण्याची आशा फार थोडी. मग सोमवारी डॉक्टरबाईंचे निदान खरे ठरले असते, आणि ते कशामुळे खरे ठरले, हे कोणाला कधीच कळले नसते.

हे भ्रूण शेवटचे होते, हेही सांगितले पाहिजे. चार वर्षांपूर्वी उपचार सुरू झाले, तेव्हा या दांपत्याने एक अट घातली होती. मिळतील तितक्या सर्व स्त्रीबीजांचे फलन करू नये, कारण उरलेल्या भ्रूणांचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. २०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याने भ्रूणे जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ती नष्ट होऊ द्यायची किंवा संशोधनासाठी द्यायची. गर्भात पंचेंद्रिय जीव मानणाऱ्या घराला यांतला कोणताच पर्याय सोपा नाही. म्हणून सहाच बीजांचे फलन केले गेले, तीन भ्रूणे पाचव्या दिवसापर्यंत पोचली. आधीची दोन रोपणे रुजली नाहीत. संख्या वाढविली असती तर संधी वाढली असती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्या दोघांनी ते ऐकूनच निर्णय घेतला होता.

औषधांचाही असाच शोध घरात घेतला गेला होता. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, हे कळल्यावर तिने तेलातली इंजेक्शने पत्करली. ती कमरेच्या स्नायूत रोज घ्यावी लागतात, जागा दगडासारखी कडक होते आणि कुशीवर झोपणेही अवघड होते. दुसऱ्या खेपेला लिहून दिलेले रक्त पातळ ठेवणारे हेपारिन जातीचे इंजेक्शन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते, हे पतीने औषधाच्या माहितीपत्रकात वाचले आणि डॉक्टरांना विचारले. तिला रक्त गोठण्याचा काही विकार नव्हता. डॉक्टरांनी ते औषध निमूटपणे काढून टाकले. विकार असता तर तेही घेतले असते, असे सासूबाई म्हणाल्या. आलोयणा नंतर घेता येते. समाजातील पुष्कळ घरे हे प्रश्न विचारायला संकोचतात. विचारल्यावर डॉक्टर रागावत नाहीत, असा या घराचा तरी अनुभव आहे.

त्या दुपारी घरी कोणी फारसे बोलले नाही. पुण्याच्या केंद्राचा फोन शनिवारी दोननंतर लागत नव्हता. रात्री साडेआठला इंजेक्शन द्यायला गल्लीतल्या परिचारिकाताई नेहमीप्रमाणे आल्या आणि दारातच थबकल्या, कारण पती म्हणाले, "आज राहू द्या. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. "द्या," एवढेच म्हणाली.

पेढीचे जीएसटीचे सगळे काम ती पाहते. उपचारांच्या चार वर्षांची फाइलही तिने तशीच ठेवली आहे : प्रत्येक सोनोग्राफी, प्रत्येक मात्रा, प्रत्येक पावती तारखेवार. ११ जुलैला बीटा एचसीजी १८४ आला होता, १३ जुलैला ४०२. अठ्ठेचाळीस तासांत दुपटीहून अधिक. ही फाइल त्या सकाळी तिच्या मांडीवर होती आणि कोणी ती उघडली नव्हती. रात्री तिने ती डायनिंग टेबलावर पसरली आणि कॅलेंडर घेऊन दिवस मोजू लागली.

सासरे अशा विषयांत सुनेशी थेट बोलत नाहीत. पण बैठकीतून त्यांनी पत्नीला विचारले, "त्यांनी मिती कोणती धरली?" अडतीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा प्रश्न. माल वजन झाला ती मिती, पट्टी झाली ती मिती, आणि रक्कम पोचली ती मिती. व्याज यांपैकी कशापासून चालू करायचे, यावरून यार्डात भांडणे होतात आणि मिटतातही. आकडेमोड अचूक असून रक्कम चुकते, ती बहुधा आरंभाची मिती चुकल्यामुळे. सासूबाईंनी प्रश्न आत पोचविला. उत्तर बाहेर आले : "पाळीची." सासरे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण भरणा तर २९ ला झाला ना?"

हे ऐकून ती हसली, असे पती नंतर सांगत असत. त्या दिवसातले ते एकच हसू.

रात्री सासूबाई तिच्याजवळ बसल्या. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन दरवर्षी ऐकणाऱ्या घरांना त्रिशलामातेचा तो प्रसंग ठाऊक असतो : आपल्या हालचालीने आईला पीडा होऊ नये म्हणून गर्भातील वर्धमान निश्चल झाले, आणि गर्भ हलत नाही असे पाहून माता विलाप करू लागली, राजवाड्यातले गाणे-बजावणे थांबले. मग त्यांनी किंचित हालचाल केली. सासूबाईंनी ही कथा सांगितली नाही, फक्त "त्रिशलामातेलाही वाटलंच होतं ना तसं," एवढे म्हणाल्या आणि माळ हातात घेतली. त्याच ग्रंथात हरिणैगमेषी देवाने ८२ दिवसांनंतर गर्भ देवानंदेच्या उदरातून त्रिशलेच्या उदरात नेल्याची कथा आहे, आणि टेस्ट-ट्यूब बेबीचा विषय निघाला की समाजात कोणीतरी ती अभिमानाने सांगतोच. सासूबाईंना ती तुलना कधी रुचली नाही. उपाश्रयातली कथा ऐकायला गोड लागते. कमरेत रोज सुई टोचून घेणाऱ्या बाईला तिचा आधार कितीसा होणार?

सोमवारी सकाळी प्रसूतिगृहात उपाशीपोटी जायचे होते. ते गेले नाहीत. नऊ वाजता पुण्याचा फोन लागला. तिथल्या डॉक्टरांनी तारखा ऐकल्या, अहवालाचे छायाचित्र मागविले आणि सांगितले : सर्व औषधे जशीच्या तशी चालू ठेवा, आणि ३१ जुलैला पुन्हा पाहा.

अकरा दिवसांचे हे अंतर मनाने काढलेले नाही. गर्भ वाढत नाही असे निश्चितपणे केव्हा म्हणायचे, याचे निकष अमेरिकेतील क्ष-किरण व प्रसूतितज्ज्ञांच्या एका गटाने ठरविले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि आज ते सर्वत्र आधाराला घेतले जातात. भ्रूणाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसणे. पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असून आत भ्रूण नसणे. आणि योक सॅक असलेली पिशवी दिसल्यावर निदान अकरा दिवसांनीही ठोके असलेला भ्रूण न दिसणे. यांपैकी काहीच नसेल तर थांबायचे असते. रक्तस्राव किंवा तीव्र वेदना नसतील तर या थांबण्याने आईला सहसा धोका नसतो. तेरा मिलिमीटरच्या पिशवीवर क्युरेटिंगचा निर्णय या निकषांत कुठेच बसत नव्हता. सात आठवडे खरेच झाले असते तरी बसला नसता.

थांबण्याचा अर्थ बातमी चांगलीच येईल असा मात्र नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत गर्भ जाणे ही दुर्मीळ गोष्ट नाही आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचा दोष असतो. विश्रांती, आहार, व्रत यांपैकी कशानेही तो टळत नाही. पुण्याच्या केंद्रात तिच्याशी ओळख झालेली एक जण मागच्या वर्षी अशीच अकरा दिवस थांबली होती. तिला दुसऱ्या वेळीही रिकामी पिशवीच दिसली. पण तिला जे कळले ते खरे होते, आणि ते तिने दोनदा विचारून घेतले होते.

ते अकरा दिवस पावसाचे होते. कृष्णेचे पाणी चढत होते आणि सारे शहर आयर्विन पुलावरची फुटांची पातळी विचारत होते. घरात मात्र दुसराच आकडा मोजला जात होता. तिने उपवास करू नये, असे पुण्याहून बजावले होते. तिच्या वाटचे आयंबिल सासूबाईंनी केले. पतींनी या दिवसांत रोज संध्याकाळी पेढी लवकर बंद केली आणि इंजेक्शनच्या वेळी घरी राहिले. शनिवारी दारात बोललेले वाक्य त्यांना विसरता येत नव्हते.

महाराष्ट्रात हे उपचार नवे नाहीत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली, त्याला आता जवळजवळ चार दशके होतील. तालुक्याच्या गावांपर्यंत वंध्यत्व केंद्रांचे फलक पोचले. तरी या प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत रोपणाच्या तारखेचा रकाना नव्हता, आणि अशी ही एकच नोंदवही असेल, असे मानण्याचे कारण नाही. वंध्यत्व केंद्रात दर तिसऱ्या दिवशी तपासली गेलेली, नावाने हाक मारली गेलेली स्त्री एका दिवसात सामान्य रांगेतील एक क्रमांक होते. या बदलासाठी तिला कोणी तयार केलेले नसते. केंद्राने निघताना एका कागदावर रोपणाची तारीख, भ्रूणाचे दिवस, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि 'ही औषधे आम्हांला विचारल्याशिवाय थांबवू नयेत' एवढ्या चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर शनिवारची रात्र टळली असती. तिने तो कागद या वेळी स्वतःच तयार केला, पेढीच्या लेटरहेडच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मोठ्या अक्षरांत.

३१ जुलैला ती त्याच प्रसूतिगृहात गेली. दुसरीकडे जाऊ, असे पती म्हणत होते. तिने नकार दिला. या वेळी पती बरोबर होते. कागद तिने काउंटरवर न देता थेट डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"आज सात आठवडे दोन दिवस होतात, या हिशेबानं," त्या म्हणाल्या.

"हो."

तपासणी सुरू झाल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळविला. करड्या पिशवीत एक अकरा मिलिमीटरचा ठिपका होता आणि त्याच्या मध्यभागी काहीतरी लुकलुकत होते. ठोके मिनिटाला १३६. डॉक्टरबाईंनी बाहेर उभ्या असलेल्या पतींना स्वतः दार उघडून आत बोलाविले. "मागच्या वेळी मी फाइल बघायला हवी होती," त्या पडद्याकडे पाहतच म्हणाल्या.

अहवाल काउंटरवरून घ्यायचा होता. वय बरोबर छापले होते, मोजमापे बरोबर होती. खाली प्रसूतीची अपेक्षित तारीख मात्र ८ मार्च.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "१७ मार्च हवं."

"ते कॉम्प्युटर पाळीवरून आपोआप काढतो, ताई. आठ-दहा दिवसांनी काय होतं?"

मागे रांग वाढत होती. पती म्हणाले, पेनाने दुरुस्त करून सही घेऊ. तिने मान हलविली, पर्स काउंटरवर ठेवली आणि दुसरा अहवाल छापून हातात येईपर्यंत तिथेच उभी राहिली.